दूध बंद, चीज चालू : लो-लॅक्टोजचे आठ महिने

मी कोल्हापूरचा, शिवाजी पेठेतला, आणि मला दूध पचत नाही. हे घरात कबूल करायला मला चाळीस वर्षं लागली. आजोबा तालमीतले, वडील अजून रात्री गंगावेशीच्या कट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध पिऊन येतात, आणि मी लग्नात बासुंदीची वाटी घेण्याआधी हॉलमध्ये बाथरूम कुठाय ते बघणार. शेवटी डॉक्टरांनी ती फुंकर मारायची हायड्रोजन टेस्ट केली, लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर, ती पाण्यातनं प्यायला दिली, दोन-तीन तास थोड्या थोड्या वेळानं फुंकायला लावलं आणि म्हणाले, लॅक्टोज कमी करा, अगदी शून्य करायची गरज नाही, चीज चालेल. कुठलं चीज ते काय सांगितलं नाही, आणि मी पण विचारलं नाही.

माझा समज काय, तर मऊ ते हलकं. म्हणून पहिला आणला रिकोटा. पांढरा, भुसभुशीत, आपल्या पनीरच्या चुऱ्यासारखा, फॅट पण कमी. अडीचशे ग्रॅमचा डबा मी आणि भाकरी, दोघांनी एका बसणीत संपवला, वर चहा. पुढचं सांगत नाही. मग वाचलं तेव्हा कळलं की रिकोटा बनतोच निवळीपासून, म्हणजे दूध फाटल्यावर जे पाणी निघतं त्यातनं, आणि लॅक्टोज पाण्यात विरघळतं म्हणून ते बरंचसं त्या पाण्यातच जातं. शंभर ग्रॅमला तीन-चार ग्रॅम धरा, म्हणजे माझ्या त्या डब्यात आठ-दहा ग्रॅम झालं, जवळजवळ एक ग्लास दुधाएवढं! बऱ्याच जणांना एका वेळी बारा ग्रॅमपर्यंत फारसा त्रास होत नाही म्हणतात, माझं गाडं चार-पाचलाच अडकतं. दोन चमचे रिकोटा आता मी पण खातो, काय होत नाही.

तेव्हापासनं पाकिटाच्या मागं बघायची सवय लागली. साध्या चीजमध्ये वरनं साखर घातलेली नसते, त्यामुळं एकूण साखर म्हणून जो आकडा असतो तो लॅक्टोजचाच समजायचा. फॅटचा आणि याचा काय संबंध नाही, उलट लो-फॅटच्या नादात मी जास्त मार खाल्ला. आणि घटकांत मिल्क सॉलिड्स किंवा व्हे पावडर, म्हणजे वाळवलेली निवळी, दिसली की डबा परत फळीवर. स्प्रेड, क्रीम चीज यातनंच बहुतेक बाद झाली. मस्कारपोने पण तसंच, ते म्हणजे घट्ट साय.

सगळ्यात भारी निघाली ब्री. कोल्हापुरात शोधत बसण्यापेक्षा पुण्याचा भाचा येताना बर्फाच्या डब्यात घालून आणतो. दिसायला मऊ, मधे लोण्यासारखी, मला वाटलेलं हीच सगळ्यात जास्त त्रास देणार, पण ती काही आठवडे मुरलेली असते, निवळी निघून गेल्यावर जी थोडी साखर उरते ती बॅक्टेरिया खाऊन टाकतात, म्हणून लॅक्टोज नावालाच. चाळीस ग्रॅम खाल्ली, रात्रभर वाट बघत बसलो, काय बी झालं नाही. किंमत मात्र जीवावर येते. आणि ते पांढरं बुरशीचं साल खायचंच असतं, काढून टाकू नका. वडिलांना एक फोड दिली तर म्हणाले साबण बरा, आणि चप्पल घालून कट्ट्यावर गेले.

रोजच्याला फेटा. मुरलेलं, मिठाच्या पाण्यातलं, साखर शंभर ग्रॅमला एकाच्या आसपास. खारट लै, त्यामुळं वीस मिनिटं साध्या पाण्यात ठेवतो. ज्वारीची भाकरी, खर्डा आणि वर कुस्करलेला फेटा, पूर्वी जिथं लोणी असायचं तिथं. खर्ड्यात मीठ घालू नका फक्त, मी एकदा घातलं. अस्सल फेटा मेंढीच्या दुधाचा, त्यावरनं शेजारच्या काकूंनी शेळीचं दूध पी म्हणून लकडा लावला, पण शेळी-मेंढीच्या दुधात पण लॅक्टोज असतंच, थोडंफार इकडं तिकडं.

पाण्यातला ताजा मोझरेला बरा, एक गोळा चालतो. बुराटा नाही, त्याच्या पोटात क्रीम भरलेलं असतं, भाच्यानं हौसेनं आणलेला त्यालाच खायला लावला.

पनीरचं मला नीट जमलेलं नाही. ते लिंबानं फाडलेलं, बॅक्टेरियाचा हात लागलेला नसतो, त्यामुळं दाबून काढल्यावर जे पाणी आत राहतं त्याबरोबर साखर पण राहते. घट्ट दाबलेलं पन्नास ग्रॅम चालतं, मलई पनीर नाही. लॅक्टोज-फ्री दुधाचं घरी करून बघितलं, पोटाला एकदम ओके पण चव गोडसर, भाजीत घातलं तर बायको म्हणाली साखर कुणी टाकली. त्यात एन्झाइमनं लॅक्टोज फोडून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज केलेलं असतं, ते जिभेला जास्त गोड लागतं.

बाकी निम्मा आठवडा मी खरं चक्क्यावरच काढतो. चांगलं आंबट दही, रात्रभर टांगलेलं, मीठ, ठेचलेलं जिरं. लॅक्टोज अगदी शून्य होत नाही, पण दह्यातले बॅक्टेरिया पोटात गेल्यावर पण थोडं काम करतात, आणि क्रीम चीजच्या जागी ब्रेडला मस्त लागतो.

लग्नासाठी खिशात लॅक्टेजची, म्हणजे लॅक्टोज फोडणाऱ्या एन्झाइमची, गोळी असते, ती पहिल्या घासाबरोबर घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. आणि एक, मिसळीच्या कटानं होणारी जळजळ चीजच्या नावावर लिहू नका. मी दोन महिने लिहीत होतो, बिचारा फेटा फुकट बदनाम झाला.

दिवाळीला भाचा कॅमेम्बर्ट, ब्रीसारखंच एक चीज, आणणाराय, ते खाऊन झालं की लिहितो.