गळणारी सरकती खिडकी: दुरुस्ती करावी, की यूपीव्हीसीची नवी बसवावी?

मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरीपर्यंतच्या फ्लॅटांमध्ये जून लागला की त्याच तीन तक्रारी पुन्हा ऐकू येतात: झडीचे पाणी ट्रॅकमधून आत येते, बाल्कनीचे सरकते दार दोन्ही हातांनी ओढावे लागते आणि खिडकीखालच्या भिंतीला ओल येऊन रंगाचे पोपडे सुटतात. अशा वेळी घरमालकापुढे सहसा दोन पर्याय असतात. असलेली अ‍ॅल्युमिनियमची खिडकी दुरुस्त करून घ्यावी, किंवा ती काढून यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकच्या चौकटीची, नवी बसवावी. दुसऱ्याचा खर्च पहिल्याच्या अनेक पट असल्याने, दोष खिडकीच्या सामग्रीत आहे, ट्रॅकमध्ये आहे की भिंतीशी असलेल्या सांध्यात आहे, हे आधी ठरवणे आवश्यक आहे.

ते घरच्या घरी ठरवता येते. कोरड्या दिवशी खालच्या ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतावे. ते थोड्या वेळात बाहेरच्या छिद्रांतून निघून गेले, तर निचरा ठीक आहे. साचून राहिले, तर छिद्रांत माती, केस आणि कबुतरांची पिसे अडकली आहेत, आणि एक तार व जुना टूथब्रश एवढ्यावर काम भागते. पाणी बाहेरही पडले नाही आणि साचलेही नाही, पण काही तासांनी खालची भिंत ओलसर झाली, तर ट्रॅकचे कोपरे गळत आहेत. ट्रॅकमध्ये पाणी न घालता केवळ बाहेरच्या सांध्यावर पाइपने पाणी मारल्यावर ओल आली, तर चौकट आणि भिंत यांच्यामधले सिलिकॉन सुटले आहे, किंवा खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने उतार दिलेलाच नाही. या शेवटच्या दोषावर यूपीव्हीसीचा काहीही उपयोग नाही, कारण नवी चौकट त्याच भिंतीत आणि त्याच पट्टीवर बसणार असते.

गळक्या कोपऱ्यांच्या बाबतीत मात्र यूपीव्हीसी खरोखर सरस ठरते. अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीचे कोपरे स्क्रूने जोडलेले असतात आणि त्यांतील सीलंट काही वर्षांत आकसून तडकते. यूपीव्हीसीचे कोपरे उष्णतेने वितळवून एकजीव केलेले असतात. तरीही जुन्या ट्रॅकचे कोपरे स्वच्छ घासून, पूर्ण वाळवून त्यांत नवे सिलिकॉन भरणे हा काही वर्षे टिकणारा उपाय आहे आणि तो आधी करून पाहण्यास हरकत नाही.

झडीच्या पाण्याबद्दल दोन्ही बाजूंचे विक्रेते जे सांगत नाहीत, ते येथे सविस्तर सांगितले पाहिजे. वारा काचेवर दाब देतो आणि तोच दाब ट्रॅकमधल्या पाण्याला आतल्या बाजूने वर ढकलतो. ताशी 50 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब सुमारे 12 मिलिमीटर उंचीच्या पाण्याइतका भरतो. वेग 70 झाला की ती उंची सुमारे 23 मिलिमीटर होते, कारण वेग दुप्पट झाला तर दाब चौपट होतो. ट्रॅकची आतली कड याहून बुटकी असेल, तर छिद्रे कितीही स्वच्छ असली तरी पाणी घरात येणारच, मग चौकट कशाचीही असो. त्यामुळे नैर्ऋत्येकडे तोंड असलेल्या, वरच्या मजल्यावरच्या खिडकीसाठी नवी खरेदी करताना आतल्या कडेची उंची फूटपट्टीने मोजून घ्यावी. बाल्कनीच्या दाराला ही अडचण अधिक जाणवते: ठेच लागू नये म्हणून उंबरठा बुटका हवा असतो आणि पाणी अडावे म्हणून उंच. ज्या घरात वृद्ध माणसे आहेत तेथे मी बुटकाच उंबरठा ठेवीन आणि छज्जा वाढवण्याकडे लक्ष देईन. वाऱ्यात छिद्रांतून पाणी बुडबुडताना पाहून काही जण ती सिलिकॉनने बुजवून टाकतात. त्याने आलेल्या पाण्याला परत जायची वाटच उरत नाही. यूपीव्हीसीच्या छिद्रांवर बाहेरून टोपी असते, ती जुन्या अ‍ॅल्युमिनियमवरही बसवता येते.

जड सरकणाऱ्या दाराचा निर्णय तुलनेने सोपा आहे. 5 मिलिमीटर काचेचे वजन दर चौरस मीटरला साडेबारा किलो असते, म्हणजे सात फूट उंच आणि साडेतीन फूट रुंद शटरमध्ये (सरकणाऱ्या पल्ल्यात) नुसती काचच 28 किलोंच्या आसपास भरते, आणि हा भार खालच्या दोन बेअरिंगांवर (छोट्या चाकांवर) असतो. ती झिजून चपटी झाली की दार ट्रॅकवर घासत जाते. बेअरिंग बदलणे हे तासाभराचे काम आहे. ट्रॅकची कडच खाल्ली गेली असेल, तर तिच्यावर स्टेनलेस स्टीलची पट्टी चढवता येते. परंतु दार कडेला सहज सरकत असेल आणि मधोमधच अडत असेल, तर वरची चौकट वाकलेली असण्याची शक्यता असते. अशा वेळी चौकटीची उंची दोन्ही कडांना आणि मधोमध मोजावी आणि भिंतीचा भार चौकटीवर येत आहे का, हे जाणकाराकडून पाहून घ्यावे. तेथे नवे दारही काही काळाने तसेच अडेल.

समुद्राजवळच्या घरात यूपीव्हीसीची बाजू बळकट आहे, कारण खारट हवेने अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे डाग आणि खड्डे पडतात, विशेषतः साधे लोखंडी स्क्रू वापरलेले असतील तेथे. मात्र यूपीव्हीसीच्या पोकळीत ताकदीसाठी स्टीलची पट्टी असावी लागते आणि स्वस्त कामात ती गाळली जाते किंवा पातळ वापरली जाते. म्हणून कापलेला नमुना हातात घेऊन पट्टी पाहावी. शिवाय यूपीव्हीसी उन्हाने अ‍ॅल्युमिनियमपेक्षा दुपटीहून अधिक प्रसरण पावते, त्यामुळे मोठ्या दारांना भिंतीशी योग्य फट न सोडल्यास ती दुपारी अडकतात. उष्णता अडवण्यात यूपीव्हीसी उघडच पुढे आहे, तरी पश्चिमेच्या उन्हाचा बराचसा ताप काचेतून येतो, हे विसरू नये.

काचेवर धुके दिसत असेल, तर ते कोठे आहे हे आधी पाहावे. पावसाळ्यात एसी चालू असताना काचेच्या बाहेरून येणारे दव निरुपद्रवी असते. दुहेरी काचांच्या मध्ये धुके असेल, तर त्या काचेचा सील गेला आहे, आणि चौकट न बदलता तेवढी जोडकाच बदलून मिळते. आवाजासाठी मात्र सरकती खिडकी दोन्ही सामग्रींत कमीच पडते, कारण शटर सरकायला मोकळी जागा लागते. केसमेंट, म्हणजे बिजागरीवर दारासारखी उघडणारी खिडकी रबरावर घट्ट दाबून बसते, म्हणून रस्त्यालगतच्या खोलीत तिचा विचार करावा.

पैसे मोजण्याआधी ताब्याची तारीख पाहावी. ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर स्थावर संपदा कायदा 2016 च्या कलम 14 प्रमाणे कारागिरीतील दोष बिल्डरला लेखी कळवता येतो आणि तो 30 दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे त्याच्यावर बंधनकारक असते. त्याआधीच खिडकी बदलून टाकली, तर मूळ दोष दाखवायला हातात काही उरत नाही. बदलायचीच असेल, तर इमारतीचे बाहेरचे रूप बदलत असल्याने सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी आणि काम फेब्रुवारी ते मे या काळात ठेवावे, कारण ओल्या भिंतीवर सिलिकॉन धरत नाही.