जुन्या झेड-फोरचं ऑइल लीक आणि देवास नाक्याचं गॅरेज

जुन्या स्पोर्ट्स कारवाले इंदुरात मोजकेच, पण जे आहेत त्यांच्या कामाचं आहे म्हणून लिहितोय. माझी पहिल्या पिढीची बीएमडब्ल्यू झेड-फोर आहे, ई85 मॉडेल, तीन लिटरचं एम54 इंजिन, आणि हे इंजिन वय झालं की पाझरतंच, त्यात नवल नाही, प्रश्न एवढाच की कुठून आणि किती. त्यात आमची सोसायटी! 2017 ला स्वच्छतेत शहराचा पहिला नंबर आला तेव्हापासून पार्किंगमधे तेलाचे चार थेंब दिसले तरी ग्रुपवर फोटो.

एका चकाचक वर्कशॉपने (नाव जाऊ दे) गाडी लिफ्टवर घेतली, खालून टॉर्च मारला आणि 'ऑइल पॅनचं गॅस्केट गेलंय सर' म्हणून मोकळे (ऑइल पॅन म्हणजे इंजिनच्या तळाचं तेलाचं भांडं, गॅस्केट म्हणजे सांध्यातून तेल गळू नये म्हणून बसवलेली पट्टी). त्या कामाला इंजिन वरून धरून पुढची सबफ्रेम, म्हणजे इंजिनखालची आडवी चौकट, खाली उतरवावी लागते, म्हणजे एस्टिमेट काय आलं असेल ते समजून घ्या.

मग मित्राने देवास नाक्याजवळचं एक गॅरेज सांगितलं, ट्रान्सपोर्टवाल्यांच्या मागच्या गल्लीत. मालकाने बोर्डही लावलेला नाही आणि गर्दी नको म्हणून नावही टाकू नका म्हणाला, ठीक आहे. गाडीखाली वाकायच्या आधी त्याने बोनेट उघडलं आणि म्हणाला, 'भिया, टपकता नीचे है, निकलता ऊपर से है.' अख्खं इंजिन डिग्रीझरने धुतलं, तेलात यूव्ही डाय (यूव्ही प्रकाशात चमकणारा रंग) टाकला आणि मला बायपासवर चक्कर मारून यायला सांगितलं. आल्यावर शटर ओढून अंधार केला, यूव्ही टॉर्च मारला तर व्हॉल्व्ह कव्हरच्या (इंजिनच्या वरच्या झाकणाच्या) मागच्या कोपऱ्यात आणि ऑइल फिल्टर हाउसिंगच्या सांध्यात हिरवं-पिवळं चमकायला लागलं. सिग्नलला थांबलं की जळका वास यायचा तो कव्हरमुळे, तेल ओघळून एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या तापलेल्या नळ्यांवर पडत होतं. फिल्टर हाउसिंगचं त्याहून वाईट, खाली नेमका अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) बसतो, तेलाने तो मेला की खर्च कुठच्या कुठे जातो.

कामात माणूस पक्का आहे. कव्हरचं जुनं गॅस्केट पापडासारखं मोडलं हातात. नवीन बसवताना कोपऱ्यांना आणि कडेच्या अर्धगोल खाचांपाशीच जरासं सीलंट लावलं, सगळीकडे थापलं नाही, आणि बोल्ट टॉर्क रेंचने 10 न्यूटन-मीटरलाच आवळले कारण कव्हर प्लॅस्टिकचं आहे, जास्त जोर केला की तडा. स्पार्क प्लगच्या विहिरीत तेल साचलंय का तेही बघितलं. आणि न सांगता ब्रीदर व्हॉल्व्ह (इंजिनच्या आतली वाफ बाहेर काढणारा) तपासला हे मला सगळ्यात आवडलं, तो चोंदला की क्रँककेसमधलं, म्हणजे इंजिनच्या पोटातलं प्रेशर वाढतं आणि नवीन गॅस्केटमधूनही तेल बाहेर ढकललं जातं, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात.

मी त्याला लीक बंद करायच्या बाटलीबद्दल पण विचारलं, ऑनलाइन मिळते ती, तर हसला. ती आकसलेल्या रबरी सीलला थोडी फुगवते, क्रँक सील वगैरे किंचित पाझरत असेल तर एकवेळ ठीक, पण कडक होऊन मोडलेल्या गॅस्केटला कुठलं औषध.

आता तक्रारी. वेळेचं नाव काढू नका, 'कल शाम' म्हणजे त्याच आठवड्यातली कुठलीतरी शाम. फोन उचलत नाही. बिल वहीच्या पानावर. पार्ट्स आपणच मागवायचे, गॅस्केट एलरिंग किंवा व्हिक्टर राइन्झ या कंपन्यांचंच आणा म्हणतो, स्वस्तातलं आणलंत तर बसवत नाही सरळ परत देतो. बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची, तीही ट्रकवाले सोडतील तेव्हा.

ऑइल पॅनला थोडा ओलेपणा अजून आहे, पण जमिनीवर थेंब पडत नाही. ते काम त्याने स्वतःच नको म्हटलं, क्लच किंवा सस्पेन्शनचं मोठं काम निघेल तेव्हा सोबत करू, तोवर दर रविवारी डिपस्टिक बघायची.