अण्णांच्या मॅटाडोरचा पाटा, आता आमची सुरी: आठ महिन्यांनंतर

अण्णांची मॅटाडोर भंगारात गेली त्याला बरीच वर्षं झाली. मागे राहिला होता तो कमानीचा, म्हणजे चाकावर गाडीचा भार झेलणाऱ्या स्प्रिंगचा, एक तुटका पाटा, गोठ्याच्या दाराला टेकण म्हणून लावलेला. कोल्हापूरला गुळाचे रवे वाहून वाहून तुटलेला. अण्णा गेल्यावर तो उचलून मी गावातल्या लोहारमामांकडे नेला आणि म्हटलं, याची सुरी करायची, आणि घण मीही मारणार.

कमानीचं पोलाद हत्याराला चांगलं. कार्बन अर्ध्या टक्क्याहून थोडा जास्त, त्यामुळे धार धरतं आणि सहजी तुकडा पडत नाही. पण वापरलेल्या पाट्यात बारीक भेगा असू शकतात, म्हणून मामांनी आधी तो घासून उजेडात निरखला, तुटक्या टोकाकडचा भाग टाकून दिला. उरलेल्याचे दोन तुकडे झाले. पहिला माझ्या घाईनं गेला. लाल झालेलं पातं मामा तेलाकडे नेत होते, मी म्हटलं पाण्यात बुडवू, जास्त कडक होईल. ‘टिक्’ असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी चीर. मामा काही बोलले नाहीत. मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्याच्या वेळी तारेला चुंबक बांधून घेऊन गेले. पातं तापत गेलं की एका क्षणी चुंबक चिकटायचं सोडतो. त्यानंतर जरा अजून ताव दिला आणि कोमट तेलात बुडवलं. मग ठिसूळपणा जावा म्हणून घरच्या ओव्हनमध्ये २०० अंशांवर दोन-दोन तास, दोनदा. घासून पांढरं केलेलं पोलाद बाहेर काढलं तेव्हा पिकल्या गवतासारखं पिवळं झालं होतं. मूठ आजीच्या मुसळाच्या लाकडाची, पितळेच्या रिवेटांनी बसवलेली. मुठीच्या टोकाला पाट्याच्या मधल्या बोल्टचं भोक मुद्दाम ठेवलं. त्यातूनच सुरी खिळ्याला टांगते.

आता वापराचं. मार्चपासून रोज हातात आहे. लाल भोपळा, सुरण, कोबी यांना तोड नाही. वजनच काम करतं. कांदा बारीक चिरायला मात्र जड जाते. पाठ साडेतीन मिलिमीटर राहिली, त्यामुळे गाजर कापलं न जाता फुटतं. एवढी जाड ठेवायला नको होती.

एप्रिलमध्ये लोणच्याच्या कैऱ्या हिनेच फोडल्या आणि फोडींच्या कडा काळ्या पडल्या. आई म्हणाली, “लोखंडाची आहे गं, आमची विळीही हेच करायची.” पुढे कांदा-लिंबानं पात्यावर करडा-निळसर थर धरला, तेव्हापासून काळेपणा खूप कमी झाला. पावसाळ्यात रात्रभर ओली राहिली की सकाळी गंज ठरलेला. धुतल्याबरोबर पुसायची, खोबरेलाचं बोट फिरवायचं, बस्स.

धार घरीच हजार नंबरच्या दगडावर, पंधरा दिवसांतून एकदा. फिरत्या चाकावर देऊ नका. कड तापून निळी पडली की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच समजा. जुलैत मी हिनेच गुळाची ढेप फोडायला गेले आणि धारेला ज्वारीच्या दाण्याएवढा खांडा पडला. ज्या पाट्यानं आयुष्यभर गूळ वाहिला त्याच्याकडून तो फोडून घ्यावा असं मनात होतं. खांडा घासून काढायला दोन संध्याकाळी गेल्या. गुळाला आता बत्ताच घेते.

आई जन्मभर विळीवर बसलेली, उभ्यानं चिरणं तिला पटत नाही. खंडेनवमीला तिनं विळीशेजारी ही सुरी मांडली, हळदकुंकू लावलं, झेंडू ठेवला. ओल्या फुलाखाली दुसऱ्या दिवशी रुपयाएवढा तांबूस डाग होता, तो तिनंच राखेनं घासून काढला. हल्ली भोपळा आणला की खिळ्यावरची सुरी तीच काढते.

पुढच्या महिन्यात पात्याची पाठ एक मिलिमीटरनं उतरवायला मामांकडे जाणार आहे, पाणी मारत, सावकाश. मुठीच्या टोकाला हात लावायचा नाही, हे त्यांना आधीच सांगून ठेवलंय.