शिंपले, व्हिनेगर आणि पीएच: वर्गात आठ महिने केलेल्या आम्लीकरणाच्या प्रयोगांचा अनुभव

महासागरांच्या आम्लीकरणावरचे, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून समुद्राचा पीएच उतरतो त्यावरचे, प्रयोग मी गेले आठ महिने तेरा-चौदा वर्षांच्या मुलांच्या तीन तुकड्यांबरोबर करते आहे. पहिल्याच आठवड्यात लिहायला बसले असते तर नुसतं कौतुक लिहिलं असतं. आता मत बरंच बदललंय. जो प्रयोग सगळ्यात गाजतो तोच सगळ्यात जास्त गैरसमज मागे ठेवतो. आणि ज्यात पहिले काही दिवस डोळ्यांना काहीच दिसत नाही, त्यातून मुलं खरं शिकतात.

गाजणारा प्रयोग म्हणजे शिंपला व्हिनेगरमध्ये टाकणं. टाकल्या टाकल्या काठावरून आणि वाढीच्या रेषांमधून बारीक बुडबुड्यांच्या माळा उठतात. शिंपल्यावर मूळची तपकिरी साल शिल्लक असेल तर तिथे बुडबुडे जवळजवळ येत नाहीत, आणि हे मुलांच्या माझ्याआधी लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी पातळ शिंपला चिमटीत धरून खिडकीकडे केला की काठातून उजेड दिसतो. एका मुलीने तो हलकेच दाबला आणि वाळक्या पानासारखा त्याचा तुकडा पडला. वर्ग एकदम शांत झाला. ती शांतता मला हवीच होती.

अडचण पुढे आली. महिन्याभराने मी चाचणीत विचारलं, 'समुद्रात शिंपल्यांचं काय होतंय?' निम्म्याहून जास्त मुलांनी लिहिलं की समुद्राचं आम्ल झालंय आणि त्यात शिंपले विरघळताहेत. दोष त्यांचा नव्हता, मी दाखवलं तेच त्यांनी लिहिलं. पीएच हे आम्लतेचं माप: ७ च्या खाली आम्ल, वर अल्कधर्मी. व्हिनेगरचा पीएच अडीचच्या आसपास असतो, समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी ८.१. पीएचची मोजपट्टी दहाच्या पटीत चालते, म्हणजे आमच्या बरणीत आम्लता आणणारे हायड्रोजन आयन समुद्राच्या सुमारे चार लाख पट होते. कार्बन डायऑक्साइडचं उत्सर्जन असंच चढं राहिलं तर शतकाच्या अखेरीस समुद्राचा पीएच ७.८ च्या आसपास येईल असा अंदाज आहे. तेव्हाही पाणी अल्कधर्मीच असेल. समुद्र आम्ल होत नाही, आम्लतेच्या दिशेने सरकतो. हे वाक्य मी आता व्हिनेगरची बाटली उघडायच्या आधी फळ्यावर लिहिते.

एक व्यवहारातली गोष्ट. दुसऱ्या तुकडीत बुडबुडे लवकर थांबले आणि मुलांना वाटलं शिंपला 'पक्का' निघाला. प्रत्यक्षात व्हिनेगर संपलं होतं. ५ टक्क्यांचं १०० मिली व्हिनेगर हिशेबाने जेमतेम ४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपला ज्याचा बनतो तो पदार्थ, विरघळवू शकतं, आणि त्या छोट्या बरणीत दोन जाड शिंपले होते. तेव्हापासून एका बरणीत एकच शिंपला ठेवतो आणि व्हिनेगर रोज बदलतो. शिंपले कमी पडले म्हणून एकदा फळ्याचा खडू वापरला तर एकही बुडबुडा आला नाही. बाजारातला बराचसा खडू जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा असतो, कार्बोनेटचा नाही. त्यापेक्षा अंड्याचं कवच चांगलं, पण आतलं पातळ आवरण सोलून काढायला हवं.

फुंकर मारण्याचा प्रयोग मला वाटला होता त्यापेक्षा सकस निघाला. पाण्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यूचे, म्हणजे पीएचप्रमाणे रंग बदलणाऱ्या द्रव्याचे, थेंब टाकायचे आणि नळीने फुंकायचं. श्वासातला सुमारे ४ टक्के कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो आणि निळा रंग पिवळा होतो. पाणी चुकून तोंडात ओढलं जाऊ नये म्हणून नळीला वरच्या बाजूला सुईने भोक पाडून ठेवा, ही काळजी पहिल्याच दिवशी घ्या. खरी गंमत दोन पेले शेजारी ठेवल्यावर येते. एकात ऊर्ध्वपातित पाणी. दुसऱ्यात लिटरला ३५ ग्रॅम मीठ आणि फक्त ०.२ ग्रॅम खाण्याचा सोडा, म्हणजे क्षारता (आम्ल पचवण्याची ताकद) साधारण समुद्राएवढी. पहिला पेला बघता बघता पिवळा झाला. दुसऱ्यात मुलं आळीपाळीने फुंकत राहिली, गाल दुखेपर्यंत, तरी रंग हिरवटावर येऊन अडला. चिमूटभर सोड्याने पाण्याला एवढा आधार दिला होता. समुद्र बदल सहजासहजी दाखवत नाही, आणि तरीही त्याचा पीएच औद्योगिक काळाच्या आधीच्या ८.२ वरून ८.१ वर आला, याचं वजन मुलांना त्या हिरवट पेल्यासमोर कळलं. ०.१ ची घट म्हणजे हायड्रोजन आयनांमध्ये सुमारे २६ टक्के वाढ, हा आकडा मी त्याच वेळी सांगितला.

मात्र हा रंग वापरताना एक मर्यादा ध्यानात ठेवा. ब्रोमोथायमॉल ब्ल्यू ६.० ते ७.६ या टप्प्यात बदलतो. ८.१ आणि ७.८ त्याला सारखेच निळे. समुद्राच्या पीएचजवळ काम करायचं तर फिनॉल रेड घ्या, तो ६.८ ते ८.२ मध्ये बदलतो.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग असा की त्यात पाण्याला वायूशिवाय कशाचाही स्पर्श होत नाही. पारदर्शक पेल्यात ब्रोमोथायमॉल ब्ल्यू घातलेलं पाणी, त्याच्या वर आतल्या बाजूला चिकटवलेली सोड्याची इवली वाटी, वाटीत थोडं व्हिनेगर, आणि वरून झाकण. व्हिनेगरचा थेंबही पाण्यात पडू द्यायचा नाही. वाटीत फेस येतो, वायू खाली पाण्यावर बसतो, आणि मिनिटा-दोन मिनिटांत पाण्याच्या पृष्ठभागावर पिवळा पापुद्रा धरतो. मग त्यातून पिवळे धागे संथपणे तळाकडे उतरतात. मागे पांढरा कागद धरला तर फारच स्पष्ट दिसतात. माणूस हवेत सोडत असलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी साधारण पाव हिस्सा समुद्र शोषतो, हे नुसतं सांगून मुलांना पटत नाही. हवेतून पाण्यात काहीतरी जाताना बघितलं की पटतं. एकच प्रयोग करायला वेळ असेल तर हाच करा.

आता उपकरणांबद्दल, कारण सगळ्यात जास्त मनस्ताप तिथेच झाला. पेनासारखा पीएच मीटर पहिल्या महिन्यात उत्तम चालला. मग सुट्टीत कोरडा पडून राहिला आणि आकडे भरकटायला लागले. इलेक्ट्रोड, म्हणजे त्याचा मोजणारा भाग, पोटॅशियम क्लोराइडच्या द्रावणात भिजत ठेवायचा असतो, ऊर्ध्वपातित पाण्यात नाही, आणि दर वेळी ७ आणि १० पीएचच्या प्रमाण द्रावणांत जुळवून घ्यायचा असतो. एवढं केलं तरी अचूकता अधिक-उणे ०.१. एका मुलाने विचारलं, 'म्हणजे औद्योगिक काळापासूनचा सगळा बदल या मीटरच्या चुकीत मावतो?' मावतोच. त्या प्रश्नावर आमचा अख्खा तास गेला आणि मोजमापाबद्दल वर्षभरातली सगळ्यात चांगली चर्चा झाली. कागदी पट्ट्या या कामाला अजिबात उपयोगाच्या नाहीत.

त्यामानाने ०.०१ ग्रॅमचा वजनकाटा फार मोलाचा ठरला. ज्यात पहिले काही दिवस काहीच दिसत नाही असं मी सुरुवातीला म्हटलं, तो प्रयोग त्याच्याच जोरावर चालतो. तीन बंद बाटल्या: एकात सोडा वॉटर, एकात साधं पाणी, एकात वर सांगितलेलं खारं पाणी, आणि प्रत्येकात आधी तोललेला एक शिंपला. दोन आठवड्यांनी बाहेर काढून ऊर्ध्वपातित पाण्याने धुवायचा, पूर्ण वाळवायचा आणि पुन्हा तोलायचा. आमच्या सोडा वॉटरमधला शिंपला ३.८६ वरून ३.७९ ग्रॅमवर आला. हातात घेतला तर अगदी तसाच, फक्त चकाकी गेलेली. खाऱ्या पाण्यातल्याचं वजन वाढलेलं निघालं! मुलांनीच कारण शोधलं, नीट न धुतल्यामुळे मीठ साचलं होतं. तेव्हापासून धुण्याचं काम सगळ्यात काटेकोर मुलीकडे आहे.

या सगळ्यांत एक उणीव राहतेच. यातला प्रत्येक प्रयोग मेलेल्या कवचावर होतो. खरा प्रश्न जिवंत प्राण्याला कवच बांधताना येतो. जास्तीचे हायड्रोजन आयन पाण्यातल्या कार्बोनेटला पकडून त्याचं बायकार्बोनेट करतात आणि बांधणीला लागणारा माल कमी पडतो. जिवंत प्राणी आम्ही वापरत नाही, वापरणारही नाही. त्याऐवजी मण्यांचा खेळ बसवला. निळे मणी कॅल्शियम, पांढरे कार्बोनेट, लाल हायड्रोजन. एका मिनिटात निळा-पांढरा ओवायचा, आणि लाल मणी धरलेली मुलं मधेच पांढरे उचलणार. दर फेरीत लाल वाढवायचे. तिसऱ्या फेरीत माळा अर्ध्यावर आल्या. कोणीही काहीही विरघळवलं नव्हतं. याच टप्प्यावर मी अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या किनाऱ्यावरच्या कालव-संवर्धन केंद्राची हकिकत सांगते. २००७ च्या सुमारास तिथे कालवांची पिल्लं मोठ्या प्रमाणावर मरत होती. खोल समुद्रातून वर येणारं, कार्बन डायऑक्साइडने भरलेलं पाणी हे कारण निघालं. पहिलं कवच घडवण्याच्या वयातच त्यांना ते सोसवत नव्हतं. पुढे पाण्यावर सतत नजर ठेवून आणि त्यात धुण्याचा सोडा मिसळून केंद्राने मार्ग काढला. हे ऐकल्यावर मुलं आपणहून पिवळ्या पेल्यात सोडा टाकून रंग परत निळा होतो का बघायला उठली. झाला.

पुढच्या तुकडीसाठी मी क्रम उलटा केला आहे: आधी झाकलेला पेला, मग फुंकर, मणी, बंद बाटल्या, आणि व्हिनेगर अगदी शेवटी, तेही 'हे समुद्रात असं घडत नाही, मग फरक कुठे आहे ते सांगा' या प्रश्नासह. पैसे मोजकेच असतील तर मीटर थांबू दे, आधी वजनकाटा घ्या. शिंपले किनाऱ्यावरून आणणार असाल तर आत कोणी राहत नाही ना, हे प्रत्येक शंखात डोकावून बघा.