बाबांची पदकं, होल-इन-वनचा चेंडू आणि मुंबईची हवा: शॅडो बॉक्स फ्रेमच्या कामाचं परीक्षण

१९७१च्या युद्धात पश्चिम आघाडीवर लढलेले आणि ऐंशी ओलांडल्यावरही गोल्फ न सोडलेले वडील. त्यांच्यामागे राहिलेल्या वस्तू अशा: सहा पदकं, होल-इन-वनचा (पहिल्याच फटक्यात होलमध्ये गेलेला) चेंडू, डाव्या हाताचा चामडी ग्लव्ह, स्कोअरकार्डांचा गठ्ठा आणि एक जुना पटर (चेंडू हलकेच होलमध्ये ढकलायची गोल्फची काठी). हे सगळं एका खोल फ्रेममध्ये, ज्याला फ्रेमवाले शॅडो बॉक्स म्हणतात, भिंतीवर लावायचं होतं. फोर्टातल्या एका जुन्या फ्रेमवाल्याने ते करून दिलं. दुकानाचं नाव देत नाही, कारण बरं-वाईट दोन्ही सांगायचं आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. लाकूडकाम उत्तम, फ्रेम बंद करण्याची पद्धत उत्तम, पदकांच्या मांडणीची जाण कच्ची आणि साफसफाईचा उत्साह धोक्याचा.

या उत्साहापासूनच सुरुवात करू. वस्तू काउंटरवर ठेवल्या की पहिला प्रश्न येतो, "साहेब, पॉलिश मारून देऊ?" ठाम नाही म्हणायचं. आपल्या लष्करी पदकाच्या कडेवर सैनिकाचा क्रमांक, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. पितळ घासायच्या पॉलिशने दर वेळी धातूचा पातळ थर निघतो, आणि कडेवरची बारीक अक्षरं सगळ्यात आधी झिजतात. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावरचा तपकिरी रंग हा मळ नव्हे, तो धातूचाच जुना झालेला पृष्ठभाग आहे. कोरडं मऊ सुती कापड पुरतं. पिनेवर हिरवी पूड धरली असेल (कुलाबा, माहीम, वर्सोवा अशा समुद्राला लागून असलेल्या घरांत धरतेच) तर लाकडी दातकोरणीने अलगद खरवडायची. चेंडूवरचे पेनाचे ठिपकेही पुसू द्यायचे नाहीत. आपला चेंडू ओळखू यावा म्हणून खेळाडू ती खूण करतो, आणि बहुतेकांची खूण जन्मभर एकच असते. इथे कारागीर थिनरचा बोळा घेऊन तयारच होता.

आता मांडणी. कारागिराने पहिल्या आराखड्यात तारा मधोमध ठेवला आणि बाकीची पदकं दोन्ही बाजूंना सारखी वाटली. दिसायला छान, पण चूक. पदकं छातीच्या डाव्या बाजूला लागतात आणि मानाने वरचं पदक छातीच्या मध्याजवळ येतं, म्हणजे समोरून बघणाऱ्याला ते सगळ्यात डावीकडे दिसतं. या घरातला क्रम असा: पश्चिमी स्टार, संग्राम मेडल, सैन्य सेवा मेडल, मग स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्धापनदिनाचं १९७२चं पदक, शेवटी वीस वर्षांच्या आणि नऊ वर्षांच्या सेवेची पदकं. पूर्व आघाडीवर असलेल्यांकडे पश्चिमीच्या जागी पूर्वी स्टार असतो; १९६५ लढलेल्यांकडे समर सेवा स्टार आणि रक्षा मेडलही असू शकतं. पुढे कधी जाणकार माणूस भिंतीसमोर उभा राहिला तर या क्रमावरूनच त्याला नोकरीचा पट वाचता येतो. गणवेशातला फोटो असेल तर रिबनांचा क्रम त्यावरून ताडून बघा, फक्त तो फोटो सगळी पदकं मिळण्याआधीचा असू शकतो. सैन्य सेवा मेडलच्या रिबनवर 'हिमालय', 'जम्मू-काश्मीर' अशी धातूची आडवी पट्टी असते. ती घसरते, म्हणून मागून दोन टाके घालायला सांगा.

मापं घरून लिहून न्या. रिबन ३२ मिलिमीटर रुंद, म्हणजे सहा पदकं शेजारीशेजारी लावली तर १९२ मिलिमीटर. दोन्ही बाजूंना मोकळी जागा धरून ३० सेंटिमीटरचा पट्टा त्यांनाच लागतो. खोलीचा प्रश्न चेंडूमुळे येतो. आजच्या नियमाने चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असतो, म्हणजे काचेपासून मागच्या बोर्डापर्यंत आतून ५५ मिलिमीटर तरी हवेत. पदकांना २० ते २५ पुरतात. दोन्हींसाठी एकच खोली ठेवली तर पदकं विहिरीत पडल्यासारखी दिसतात. इथे कारागिराने पदकांखाली उंच पायरी करून दिली, आणि त्याबद्दल त्याला पूर्ण गुण. चेंडू ज्या कडीत बसवायचा ती मात्र प्रत्यक्ष चेंडू मोजूनच करून घ्या. जुना 'ब्रिटिश' चेंडू ४१.१५ मिलिमीटरचा असे. १९९० साली तो नियमातून बाद झाला. सत्तर-ऐंशीच्या दशकातला चेंडू असेल तर तो हा धाकटा निघू शकतो आणि तयार कडीतून सरळ खाली पडतो.

गोंदाचा थेंबही आत नको. गरम गोंद मुंबईच्या उन्हाळ्यात सुटतो. झटपट चिकटणाऱ्या गोंदाची वाफ बंद पेटीत धातूवर आणि ॲक्रिलिकवर पांढुरकी साय धरते. पदकांची पट्टी माउंट बोर्डाला (वस्तू ज्यावर बसवतात त्या जाड पुठ्ठ्याला) दोऱ्याने शिवायची, टाके मागून दिसले तरी बिघडत नाही. माउंट बोर्ड ॲसिड-फ्री, म्हणजे आम्ल नसलेलं, मागा. एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) मागची पाटी स्वस्त पडते, पण तिच्यातून आम्लधर्मी वाफा निघत राहतात. ती वापरलीच तर आतून ॲल्युमिनियमचा थर हवा. लोकरीचं फेल्ट तर नकोच, कारण त्यातल्या गंधकाने धातू काळवंडतो. सुती कापड चांगलं, तेही आधी साध्या पाण्यात धुऊन खळ काढलेलं.

याच कारणाने पटर आत जाऊ नये. एक तर तो ३३ ते ३५ इंच लांब, त्यासाठी फ्रेम तीन फुटांची करावी लागते. (शाफ्ट, म्हणजे दांडा, कापून बसवायची सूचना काही दुकानांत मिळते. तिथून वस्तू उचलायच्या आणि बाहेर पडायचं.) दुसरं, जुन्या रबरी ग्रिपमधूनही गंधक सुटतं. फ्रेमखाली दोन लाकडी खुंट्यांवर तो आडवा ठेवा आणि पावसाळ्याआधी स्टीलवर रंगहीन मेणाचा हात फिरवा. ग्लव्हचंही तसंच. चामडं दमट हवा ओढतं आणि बुरशी धरतं. आत ठेवायचा हट्ट असेल तर वेगळा बंद कप्पा करून घ्या, बोटांत ॲसिड-फ्री टिश्यू भरा, आणि आधी काही आठवडे तो ओल शोषणाऱ्या सिलिका जेलबरोबर हवाबंद डब्यात सुकवा. अंगठ्याजवळचं झिजलेलं चामडं शिवून घेऊ नका. पकड कशी होती ते तिथेच दिसतं.

स्कोअरकार्ड निवडताना घरात वाद होतो. सगळ्यात कमी स्कोअरचं कार्ड लावावं असं वाटतं, पण म्हाताऱ्या गोल्फरच्या लेखी मोठी गोष्ट म्हणजे अठरा होल आपल्या वयाइतक्या किंवा त्याहून कमी फटक्यांत संपवणं. असं कार्ड गठ्ठ्यात असेल तर तेच निवडा. पेन्सिलीने भरलेलं कार्ड मूळच लावता येतं, कारण शिसं उजेडाने उडत नाही. बॉलपेनची शाई उडते. त्या कार्डाची रंगीत प्रत लावा आणि मूळ कपाटात ठेवा. कार्डाला सेलोटेप लावू देऊ नका, चार कोपऱ्यांना कागदी खाचा पुरतात.

समोर काच की ॲक्रिलिक? २४ बाय १८ इंचांच्या फ्रेमला ३ मिलिमीटरची काच दोन किलोच्या आसपास भरते, ॲक्रिलिक त्याच्या निम्मं. रिबनांचे रंग वाचवायचे तर अतिनील किरण अडवणारं ॲक्रिलिक घ्या. बिलातला सगळ्यात मोठा आकडा त्याचाच होता, लाकडी पट्टीपेक्षाही मोठा, तरी काटकसर करायची जागा ही नव्हे. ते अमोनियाच्या स्प्रेने पुसायचं नाही, बारीक तडे जातात. ओलसर मायक्रोफायबर कापड पुरेसं आहे. तरीही दुपारच्या उन्हाची भिंत टाळाच.

काम कधी द्यायचं यावर निम्मं यश ठरतं. जुलैत बंद केलेल्या फ्रेममध्ये जुलैची हवाच कोंडली जाते, आणि ऑगस्ट संपायच्या आत ॲक्रिलिकच्या आतल्या बाजूला धुकं येतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मागचे सांधे ॲल्युमिनियमच्या टेपने बंद करून घ्या, कागदी टेप पहिल्याच पावसाळ्यात उचलते. पाटी खिळ्यांनी नको, स्क्रूंनी बसवा, म्हणजे ऑक्टोबरात उघडून सिलिका जेल बदलता येईल. नारिंगी दाण्यांचा रंग पालटला की ते ओले झाले असं समजायचं. ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येतात. आपल्या कारागिराने स्क्रू आणि टेप दोन्ही न सांगता केलं होतं, आणि या दुकानाकडे पुन्हा जाण्याचं खरं कारण ते आहे.

टांगताना बाहेरची, पाऊस झेलणारी भिंत नको. दोन डी-कड्या, दोन स्क्रू, आणि खालच्या दोन कोपऱ्यांना रबरी बुटं, म्हणजे मागून हवा खेळती राहते. एकाच खिळ्यावर दोरीने टांगलेली फ्रेम लोकलच्या आणि ट्रकच्या हादऱ्यांनी हळूहळू तिरपी होते.

मागच्या पाटीवर एक लेबल लागतं. दुकानवाला नाव आणि तारीख छापून देतो, तेवढं पुरत नाही. सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, युनिट, प्रत्येक पदकाचं नाव डावीकडून क्रमाने, चेंडू कोणत्या कोर्सच्या कितव्या होलवरचा, आणि कार्डावर मार्कर (स्कोअर लिहिणारा सोबतचा खेळाडू) म्हणून सही कोणाची, हे सगळं पेन्सिलीने ॲसिड-फ्री कागदावर लिहा. सह्या बहुधा वाचता येत नाहीत. बरोबर खेळणाऱ्या चौकडीतला एखादा भिडू अजून चेंबूरच्या किंवा कुलाब्याच्या कोर्सवर येत असेल तर फ्रेम बंद करण्याआधी कार्ड त्याला दाखवून नाव विचारून घ्या.