दुइलिओ की इटालिया? मॉडेलसाठी एकच निवडायची तर

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या इटालियन युद्धनौकांपैकी एकीचं स्केल मॉडेल करायचं असेल, तर माझ्या मते खरी निवड या दोघींतलीच. दोघींचा आराखडा बेनेदेत्तो ब्रिन यांचा, दोघी नेपल्सजवळच्या कास्तेल्लामारे दी स्ताबियाच्या गोदीतल्या. १८७६ साली दुइलिओ पाण्यात उतरली आणि त्याच वर्षी इटालियाची बांधणी सुरू झाली. इतक्या थोड्या अवधीत एकाच माणसाने किती उलट विचार केला, हे बघण्यासारखं आहे.

दुइलिओ म्हणजे चिलखत आणि तोफा. मधल्या भागाला ५५० मिमी जाडीचं पोलाद, आणि दोन बुरुजांत आर्मस्ट्राँग या ब्रिटिश कंपनीच्या चार ४५० मिमी तोफा. एकेक तोफ १०० टनांची, तीही ठासणीची! बार उडाला की अख्खा बुरूज फिरवायचा, नळी खाली झुकवायची आणि डेकखालच्या हायड्रॉलिक दट्ट्याने दारू नि गोळा तोंडातून आत ढकलायचा. या तोफांचा धसका ब्रिटिशांनी एवढा घेतला, की माल्टा आणि जिब्राल्टरला त्यांनी तसल्याच १०० टनी तोफा बसवल्या. त्या आजही तिथे आहेत, त्यामुळे नळीच्या बारकाव्यांसाठी फोटोंची ददात नाही. शिवाय मागच्या बाजूला, जहाजाच्या पोटातच, टॉर्पेडो बोट ठेवायचा कप्पा आहे. हा भाग करायला मला सगळ्यात जास्त आवडेल.

इटालियात ब्रिननी बाजूचं चिलखत काढूनच टाकलं. जाड पोलाद उरलं ते मुख्यतः तोफांभोवती, आणि खाली चिलखती डेक. बदल्यात वेग मिळाला: दुइलिओचा १५ नॉटच्या (ताशी सागरी मैल) आसपास, हिचा जवळपास १८. देशाचा किनारा लांबलचक, त्यामुळे वेळ पडली तर सुमारे १०,००० सैनिक एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता यावेत, हाही हिशेब होता. १८८५ मध्ये ती सेवेत आली, पण लवकरच झटपट मारा करणाऱ्या तोफा आणि तीव्र स्फोटकं भरलेले गोळे आले आणि उघड्या बाजू हीच तिची दुखरी नस ठरली.

आकाराचं म्हणाल, तर १:३५० प्रमाणात दुइलिओ साधारण ३१ सेंमी, इटालिया ३६ सेंमी. इटालियाची सहा धुराडी उठून दिसतात, पण नंतर ती चारच ठेवली गेली. त्यामुळे कोणत्या सालातली नौका करताय ते आधी ठरवा, नाहीतर फोटो एका काळाचे आणि मॉडेल दुसऱ्या काळाचं होईल.

मी दुइलिओ घेईन. तिचं वेगळेपण बाहेरूनच दिसतं: बसका डेक, तिरपे मांडलेले बुरूज, मागचा कप्पा. इटालियाचं सगळं डोकं आतल्या रचनेत आहे. एक बाजू कापून आतले कप्पे आणि चिलखती डेक दाखवायची तयारी असेल, तरच तिला हात घाला.