जिप्सीचा फ्लोअर ‘नवा’ करून देणाऱ्या गॅरेजचा अनुभव

माझ्या १९९८ सालच्या मारुती जिप्सी किंगचा गंजलेला फ्लोअर (तळाचा पत्रा) आणि दोन्ही बाजूंचे रॉकर (दाराखालच्या पोकळ पट्ट्या) बदलून देतो, असे सांगून नागपुरातील एका गॅरेजने पैसे घेतले आणि प्रत्यक्षात जुन्या गंजावरच नवा पत्रा अंथरून गाडी माझ्या ताब्यात दिली. पेंच-ताडोब्याच्या सफारी गाड्यांमुळे इकडे जिप्सीचे काम करणारे डेंटर, म्हणजे गाडीच्या पत्र्याचे कारागीर, पुष्कळ आहेत आणि बहुतेक जण कामाला चोखही आहेत. पण फ्लोअरचे काम शेवटी काळ्या कोटिंगखाली झाकले जात असल्याने तिथे लबाडी सहज पचते.

कुजलेला भाग चांगल्या पत्र्यापर्यंत कापायचा, १८ गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटर जाडीचा नवा पत्रा सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायू वापरून केलेल्या) वेल्डिंगने बसवायचा आणि दाराखालचे रॉकर आतल्या व बाहेरच्या अशा दोन्ही पदरांसकट बदलायचे, असे ठरले होते. एकूण ४२,००० रुपयांपैकी २५,००० रुपये आगाऊ घेतले गेले. गाडी पाहायला येतो म्हटले की ती ‘वेल्डिंगला दुसरीकडे’ गेलेली असे आणि त्याऐवजी मोबाइलवर कापलेल्या फ्लोअरचे फोटो येत. त्या फोटोंच्या कडेला हिरवा रंग दिसत होता, माझी गाडी तर आतूनबाहेरून पांढरी. विचारले तेव्हा, “भाऊ, तो प्रायमर आहे, टेन्शन नका घेऊ,” असे उत्तर मिळाले.

पावसाळ्याच्या पहिल्याच सरींत ड्रायव्हरच्या बाजूची मॅट खालून ओली झाली. रॉकरवर चुंबक लावून पाहिले. पुढच्या टोकाला ते घट्ट धरले, चार बोटे मागे सरकवताच खाली पडले. तिथे स्क्रूड्रायव्हर टोचला तर तो मुठीपर्यंत आत गेला आणि बाहेर काढताना टोकाला पिवळट फोम चिकटून आला.

दुसऱ्या डेंटरने फ्लोअर उघडला तेव्हा सगळेच उघडे पडले. नवा पत्रा १८ गेजचा नव्हताच. हाताने वाकेल इतका पातळ तुकडा रिबिटांनी जुन्या पत्र्यावर ठोकून कडांना सीलंट फासले होते आणि दोन पदरांच्या मध्ये ओलसर गंजाचा भुगा साचला होता. रॉकरमध्ये फोम, त्यावर जाळी, त्यावर पुट्टी आणि वरून रंग. रॉकर आतून पोकळ असतो आणि त्यात शिरलेले पाणी बाहेर पडावे म्हणून खाली छिद्रे ठेवलेली असतात. तीही कोटिंगने बुजवून टाकली होती, म्हणजे उरलेला पत्राही आतून सडण्याची पक्की सोय.

जाब विचारल्यावर गॅरेजवाल्याने जिप्सीची चेसिस, म्हणजे भार पेलणारा खालचा सांगाडा, बॉडीपासून वेगळी असते, फ्लोअरने काही बिघडत नाही, असा युक्तिवाद केला. चेसिस वेगळी असते हे खरे आहे, पण सीट ज्या पत्र्यावर बोल्टने आवळलेली असते, तो फ्लोअरच असतो. अर्धे सत्य सांगून गिऱ्हाइकाला गप्प करण्याची ही पद्धत मला पुट्टीपेक्षा अधिक संतापजनक वाटली.

नव्या डेंटरने रॉकर कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवे लोखंडी अँगल वेल्डिंगचे टाके मारून बसवले, कारण आधार न देता कापल्यास बॉडी बसते आणि मग दारे लागत नाहीत. कोटिंगपूर्वी त्याने स्वतःहून बोलावून उघडे वेल्डिंग दाखवले आणि कापलेले जुने तुकडे माझ्यासमोर ठेवले. जो हे दाखवायला टाळाटाळ करील, त्याला पुढचा हप्ता देऊ नये.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, म्हणून फोटो, पैसे पाठवल्याची नोंद आणि उखडलेला पत्रा मी जपून ठेवला आहे. अडचण पावतीची आहे. तिच्यावर ना गेज लिहिलेला आहे, ना जुना पत्रा कापण्याचा उल्लेख, नुसते ‘फ्लोअर काम’ एवढेच लिहिले आहे आणि गॅरेजवाला आता त्याच पावतीवर बोट ठेवून म्हणतो, “पत्रा लावून दिला ना भाऊ!”